मिठात घातलेला तुकडा

तोंडवली, ७ जानेवारी २०२५

चि. सौ. रसिकास,
किशोरीताईचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कसलं, म्हणशील. स्पीकर लावल्याशिवाय आईला ऐकू येत नाही, आणि ती शेजारी बसल्याशिवाय आपला फोन होत नाही.

तिच्या टाचेवरचं कुरूप मालवणच्या डॉक्टरांनी काढलं. त्यांना रंगरूप वेगळं वाटलं, म्हणून तुकडा तपासायला सांगितलाय. दोन दिवस तो त्यांच्याकडेच औषधाच्या पाण्यात होता, काल बाटली घरी आणली. आज एसटीने तुझ्या लॅबमध्ये पाठवतेय. आईचं म्हणणं, माशांची पाटी घेऊन अनवाणी फिरलेल्या बाईच्या टाचेत बघायचं काय? पुन्हा कापायची गोष्ट काढलीत तर दवाखान्याची पायरी चढणार नाही, असंही बजावलंय. काही नसेल ना गं? की मी हे तुझ्याकडून वदवून घेतेय?

मुलांना पापा. तुझ्या कोल्हापुरी तिखटाची वाट बघणारी,
ताई

कोल्हापूर, १६ जानेवारी

ती. ताईस,
रसिकाचा शि. सा. न.

बाटली उघडली आणि मी बघतच राहिले. औषधाचं पाणी नाही. तुकडा जाड्या मिठात पुरलेला, वर हळद. सरांनी विचारलं, तुमच्याकडे पेशंटचा खारा बांगडा करतात का? सगळे हसले, मीही.

मिठाने पेशी आक्रसतात, वाचता येत नाहीत. पण आधी दोन दिवस औषधात मुरल्यामुळे आतल्या टिकल्या होत्या. पातळ काप मीच घेतले, मीच रंगवले. सरांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि त्यांचं हसणं थांबलं. मग मला बघायला सांगितलं.

ताई, ते कुरूप नाही. घामाच्या ग्रंथींतून उठणारा कर्करोग आहे. सरांनी आजवर दोनदाच पाहिलाय. तुकड्याच्या एका कडेपर्यंत त्या पेशी आहेत, म्हणजे काही टाचेत राहिल्यात. लवकर पुन्हा कापलं तर बरं होण्याची आशा चांगली आहे. उशीर नको. दुसऱ्या लॅबकडूनही खात्री करून घेतली, तेच आलं.

आईला कसं सांगायचं ते तूच ठरव. मला सुचत नाही.

तुझ्या धीरावर विसंबलेली,
रसिका

तोंडवली, २० जानेवारी

चि. सौ. रसिकास,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस मी वहीत वाक्यं लिहून खोडत होते. मग वाटलं, ही काळजी तिची की माझी? शेवटी तुझं पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं.

मिठाचं तिने लगेच कबूल केलं. बाटलीला इतका उग्र वास होता, की आत नासलंय असं वाटून तिने पाणी ओतून टाकलं आणि तुकडा मिठाहळदीत घातला. शिळा मासा जन्मात कुणाला विकला नाही, मग लेकीला तसलं कसं द्यायचं, म्हणते, 'माझ्या चेडवाक नासलेला मास कसा धाडू?' मी हसायला लागले आणि मला थांबता येईना.

मग कर्करोगाचं वाचलं. तू स्वतः बघितलंस का, एवढंच तिने विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाली, मग कापूक सांग. येत्या सोमवारी, २७ला, आम्ही कोल्हापूरला येतोय. या खेपेला बाटलीला हात लावणार नाही म्हणते.

नंतर माशांची भांडी घासताना स्वतःशीच बोलत होती. 'चेडवांच्या हाताक म्हावऱ्याचो वास नको म्हणान शिकयलंय. आणि तिच्या हातात माझाच मास.'

स्टँडवर ये. तिच्यासमोर रडू नकोस, मीही बघते.
तुझी,
ताई