बारापैकी सहा शब्द

बेलफील्ड कॉलेज, आयोवा
९ ऑगस्ट २०२२

प्रिय लोर्ना,

स.न.वि.वि.

विशेष हे की तुझी लेक मारेन सुखरूप पोचली, तिच्या चार बॅगाही पोचल्या. तू माझ्यासाठी दिलेलं चीज मात्र वाटेतच संपलं म्हणे. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. हल्ली फोनच्या पडद्याचा उजेड डोळ्यांत खुपतो, त्यापेक्षा कागद बरा.

मारेन गोलसमोर उडी मारते तेव्हा मला मीच दिसते. बाबा कोठाराच्या शिडीवरून फुटबॉल टाकायचे, मी डोक्यानं परतवायची आणि तू खाली उभी राहून मोजायचीस. त्या डोक्यानंच मला विद्यापीठात नेलं, दोन वर्षं व्यावसायिक संघात खेळवलं आणि गुडघा गेल्यावर ही प्रशिक्षकाची खुर्चीही दिली. अकरा वर्षांत एकही करंडक आणला नाही. यंदाही नाही आला तर खुर्ची जाणार, असं क्रीडा संचालकांनी कॉफी पिता पिता सांगून टाकलं. पण मारेन आहे ना आता.

गंमत सांगायची राहिली. चेंडूंच्या खोलीत तो काळ्या मुखवट्याचा चोरटा प्राणी, रॅकून, शिरला, नवीकोरी जाळी कुरतडली आणि तिच्यातच झोपला. मुली किंचाळत होत्या, हा आपला घोरतोय.

उद्या मोसमाआधीची तपासणी आहे. लोभ आहेच, तो टपालखर्च वाढला तरी कमी करू नये.

तुझी,
ग्रेचन


मिल क्रीक, विस्कॉन्सिन
२० ऑगस्ट २०२२

चि. ग्रेचनला,

अनेक आशीर्वाद. थोरली आहे, तेव्हा ते घ्यावेच लागतील.

शाळेचं स्वयंपाकघर पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. तीनशे पोरांचे बटाटे सोलून माझे हात पोत्यासारखे होणार. असो. तुझा रॅकून ईस्टरला फोनवर ऐकला होता, जुलैच्या कार्डात वाचला होता. दर वेळी तो कालच आलेला असतो. चाळिशीतच म्हातारी झालीस की काय?

दुसरी गोष्ट मात्र मनातून जात नाही. गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्कीवर ताव मारताना तू तुझा जुना किस्सा सांगितलास. मोसमाआधी फिजिओ बारा शब्द वाचून दाखवते आणि वीस मिनिटांनी किती आठवतात ते लिहायला लावते. पुढे सामन्यात डोकं आपटलं की पुन्हा तेच. पहिल्यापेक्षा कमी आठवले की घरी बसवतात. म्हणून तू आधीच मुद्दाम सहा लिहायचीस. सहाच का, तर त्याहून कमी लिहिले की संशय येतो. आम्ही पोट धरून हसलो, सगळ्यांत मोठ्यानं मी. मारेन हसत नव्हती गं, ती ऐकत होती.

तिला किती आठवले, तेवढं कळव. लोभ वाढव, उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी,
लोर्ना


बेलफील्ड कॉलेज
२७ सप्टेंबर २०२२

प्रिय लोर्ना,

स.न.वि.वि.

आठपैकी सात सामने जिंकलो. शनिवारी मारेननं डोक्यानं गोल मारला, पण मारताना समोरच्या मुलीचं कपाळ तिच्या कानशिलावर आदळलं. पडली, आपली आपण उठली. जरा वेळ भलत्याच संघाच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आमच्या फिजिओनं, नोरीननं, शब्द विचारले. सहा आठवले. ऑगस्टमध्येही सहाच होते. फरक नाही म्हणजे खेळायला हरकत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी तुझी गत आहे. पाठांतरात ती कच्ची असेल, आपल्या घराण्याला शोभेशी.

अगं, गंमत सांगायची राहिलीच. चेंडूंच्या खोलीत रॅकून शिरला आणि नवी जाळी कुरतडून तिच्यातच झोपला.

अंतिम सामना नोव्हेंबरात. लोभ असू दे, काळजी नसू दे.

तुझी,
ग्रेचन


मिल क्रीक
३ ऑक्टोबर २०२२

ग्रेचन,

आज आशीर्वाद शेवटी.

मारेनला तिसरीत असताना पन्नास राज्यांच्या राजधान्या उलट्यासुलट्या पाठ होत्या. तिला बारापैकी सहा? रविवारी फोनवर तिनं मला तीनदा विचारलं, कुत्र्याला जेवण दिलंस का म्हणून. कुत्रा मार्चमध्येच गेला. त्याला पुरायला खड्डा तिनंच खणला होता.

तिला मैदानाबाहेर काढ. तुझी खुर्ची गेली तर माझ्याकडे ये, बटाटे सोलायला माणूस हवंच आहे. शिडीखाली उभी राहून मी तुझे शंभर-शंभर मोजले आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता मोजणार नाही.

आशीर्वाद आहेत. भीतीही आहे.

लोर्ना


बेलफील्ड कॉलेज
११ ऑक्टोबर २०२२

प्रिय लोर्ना,

स.न.वि.वि.

मारेनला काढलं. रडली, भांडली, मग कबूल झाली. ऑगस्टमध्ये तिला बाराच्या बारा आठवत होते. सामन्यानंतर मात्र खरोखर सहाच आठवले. डॉक्टर म्हणतात, वय लहान आहे, विश्रांतीनं भरून येईल, पण हा मोसम विसरा. करंडकही गेलाच म्हणायचा, पाठोपाठ खुर्ची. त्याचं वाईट वाटेल म्हणून वाट बघतेय, अजून वाटलेलं नाही.

तुझं ऑगस्टमधलं पत्र आज पुन्हा वाचलं आणि नोरीनला रॅकूनचं विचारलं. तो दोन वर्षांपूर्वी आला होता म्हणे.

मारेननं एकच अट घातली होती, की मावशीनंही परीक्षेला बसायचं. म्हणून काल बसले. बारा शब्दांत शिडी होती, ती लगेच आठवली. बाकीच्यांसाठी पेन्सिल चावली, डोळे मिटले, सगळा जीव लावला. पाच लिहिले.

नोरीननं कागदावरचे शब्द पुन्हा एकदा मोजले. मग तिनं हळूच विचारलं, की मी मुद्दाम तर चुकले नाही ना. लोर्ना, हो म्हणावंसं फार वाटलं गं.

शनिवारी लेकीला न्यायला येशील तेव्हा गाडीत मागची जागा मोकळी ठेव. मला गाडी चालवू नको म्हणालेत. लोभ आहेच, माझ्याकडून राहून गेला, तर तू आठवण कर.

तुझी,
ग्रेचन