मांडीवरची गिटार

बाबूजी, तुमची गिटार विकायची की दुरुस्त करायची एवढंच ठरवायचं आहे, आणि ते काही केल्या ठरत नाही म्हणून लिहायला बसले. रोज आठवण येते वगैरे असलं काही नाही. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, भिंतीवर फोटो आहे, त्याची धूळ आई पुसते. मी सकाळी कुडव्याहून स्कूटी काढते, गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचते आणि संध्याकाळपर्यंत गाई-बैलांत असते. तिथे कोणी ना कोणी लंगडता बैल घेऊन येतो आणि विचारतो, "मॅडम, ठेवू का विकू?" मी सांगते, माझं काम इंजेक्शन द्यायचं, ठेवायचं का विकायचं ते घरी जाऊन ठरवा. लोक हसतात आणि जातात. आता तोच प्रश्न माझ्या घरात येऊन बसला आहे आणि मला हसू येत नाही.

झालं असं की घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. मिलच्या बारदान्यात गुंडाळलेली तुमची गिटार मागच्या कोपऱ्यात होती. लाल रंग अजून शाबूत आहे, तारा मात्र पार गंजल्या आहेत. आईने बारदाना उलगडूही दिला नाही. म्हणाली, "देऊन टाक कोणालेबी. दिवाळी झाली का माणूस हे घेऊन जे जाये, ते होळीलेच घरी दिसे." तिचा राग जुनाच आहे. धान कापून झाला की गावोगाव मंडईची जत्रा भरायची, आज या गावाची, उद्या त्या गावाची, आणि तुमची ऑर्केस्ट्रा पार्टी टेम्पोत पेट्या भरून मागे मागे. राइस मिलचा हंगामही नेमका तेव्हाच. दिवसा तुम्ही मिलमध्ये फिटर, संध्याकाळी स्टेजवर. मालक कुरकुरायचे, पण पट्टा तुटला, रोलर अडकला की तुमच्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं, त्यामुळे गप्प बसायचे. आईला गप्प बसवणारं असं काही तुमच्याकडे नव्हतं.

मला आठवतं ते सकाळचं अंगण. तुम्ही पोत्यावर मांडी घालून बसला आहात, गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात ती गुळगुळीत लोखंडी दांडी. दांडी तारांवरून सरकते आणि सूर एका जागी न थांबता वर चढत जातो, कोणी लांबून हाक मारत यावं तसा. आवाज मोठा करणारा ऑर्केस्ट्राचा डब्बा घरी नसायचा, म्हणून आवाज अगदी बारीक; स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली की बुडून जायचा. मंडईत मात्र डब्ब्यातून तो असा काही निघायचा की आकाशपाळण्यात बसलेली माणसंही माना वळवायची. पोरं तुम्हाला 'इस्त्रीवाले' म्हणायची, कारण लांबून बघितलं तर तुम्ही कपड्यांना इस्त्री करताय असंच वाटायचं. तुम्हाला ते माहीत होतं. एकदा तुम्हीच स्टेजवरून म्हणालात, "शर्ट असंल कोणाचा तं द्या बाप्पा, करून देतो." केवढे हसले होते लोक!

मी नववी-दहावीत असेन. आपल्याकडे नुकताच टीव्ही आला होता. त्यात एक मुलगा गिटार गळ्यात अडकवून, बोटांनी तारा दाबून वाजवत होता. मी शहाणपणाने तुम्हाला म्हटलं, "बाबूजी, तुम्ही चुकीचं वाजवता. ही उभी धरतात." तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "काऊन वं, मिलमधी मले शिकवणारा कोणी पैदा नाही झाला, आता तू शिकवून राहिली का? जाय, अभ्यास कर." तुमचा आवाज चढला की भिंतीसुद्धा ऐकायच्या. मी गेले. तुम्ही म्हणाल ते बरोबर, हा आपल्या घरचा कायदा होता. सायकलची चेन कशी बसवावी, बल्ब कसा फिरवावा, भात किती शिट्ट्यांनी होतो, सगळ्यात तुम्ही बरोबर. वैताग म्हणजे, असायचातही.

तर मी गिटार घेऊन गोंदियाच्या बाजारात गेले. पेटी-तबल्याच्या दुकानात एक जण गिटारीही दुरुस्त करतो. त्याने बारदाना काढला, गिटार उलटीसुलटी केली आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, ये किसने किया? ये तो खड़ी बजाने की गिटार है. किसी अनाड़ी ने इसको लिटा दिया." मग त्याने दाखवलं. गिटारीच्या गळ्याच्या टोकाला एक पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात. तुम्ही त्या पट्टीवर मिलच्या यंत्रातल्या पितळी बुशातून कापलेला तुकडा बसवून तारा अर्धं पेर उचलल्या होत्या. आता त्या बोटाने दाबायच्या म्हटलं तरी दाबल्या जात नाहीत. मांडीवर वाजवायच्या गिटारीला तारा अशा उंच लागतात, तो म्हणाला, पण ही ती गिटारच नाही. आणि मला सगळा उलगडा झाला. रेल्वे कॉलनीतल्या बंगाली बाबूंचा पंखा दुरुस्त करायला तुम्ही जायचात आणि त्यांची गिटार ऐकत बसायचात, हे आईने कितीदा सांगितलं आहे. ते मांडीवर ठेवून वाजवायचे. तुम्ही आयुष्यात दुसरी गिटार पाहिलीच नव्हती. मग मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून ही जुनी मिळाली, तारा लाकडाला टेकलेल्या दिसल्या, आणि फिटर माणसाला वाटलं, तारा बसल्या आहेत, उचलायला हव्यात. तुम्ही धडधाकट गिटार दुरुस्त केलीत.

दुकानदार म्हणाला, पितळ काढून टाकतो, गळा सरळ करतो, वायर नवी टाकतो. एक कॉलेजचा मुलगा रोज विचारून जातो, हातोहात विकून देतो. पितळासकट कोणी घेणार नाही. म्हणजे विकायची तर आधी सरळ करायची, आणि सरळ केली की तुमचा तो चढत जाणारा आवाज संपला. त्याची कॅसेट नाही, फोटोतून आवाज येत नाही. ठेवायची तर वाजवणार कोण? मी त्याला म्हटलं, इथेच राहू द्या, दोन दिवसांनी सांगते. आईला मी त्या चुकीचं काही बोलले नाही. तिच्या आयुष्यातले इतके हिवाळे ज्या गिटारीने खाल्ले, ती मुळात उलटी वाजत होती, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

इथवर लिहून ठेवलं होतं. काल सुट्टी होती. आई ओट्याशी वाल सोलत होती आणि माझ्याच्याने राहवलं नाही. सांगून टाकलं, बाबूजी चुकीचं वाजवत होते. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "मंग? ठाऊक होतं त्यायले."

मी म्हटलं, काय ठाऊक होतं?

"आमगावकडच्या मंडईत नागपूरची पार्टी आली होती. तिथल्या पोरानं सांगतलं. घरी आले तं दोन दिवस जेवले नाही धड. मले वाटलं ताप आला. मंग म्हणते, मी उलटंच शिकलो वं. मी म्हटलं, तं सरळ करा, तुमाले का कठीण हाये?" वालाची एक शेंग किडकी निघाली, ती तिने बाजूला टाकली. "केली ना सरळ. पितळ काढलं. तू चौथीत होती तवा. अख्खा पावसाळा, मिल बंद अन् तू शाळेत, दार लावून बसत. बोटांले फोड आले. नाही जमलं. मिलचे हात ते, वळतच नाही. मंग एक दिवस पुन्हा पितळ ठोकलं अन् मले म्हणते, पोरीले सांगू नको."

पोरीला सांगू नको. म्हणजे मी टीव्ही पाहून बोलले तेव्हा तुम्हाला माहीत होतं की मी बरोबर आहे. तुम्ही त्या पावसाळ्यातून कधीच पार झाला होता. मी आईला विचारलं, "मग तू तरी मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "कायले सांगू? विचारलं का तू कधी?" मग सोललेले दाणे धुवायला उठली. जाता जाता म्हणाली, "विकायची तं वीक. पण त्या दुकानवाल्याले सांग, पितळ फेकू नको म्हणा. मले आणून दे." मला वाईट वाटलं, बाबूजी. स्वच्छ वाईट वाटलं. तुमच्यासाठी की माझ्यासाठी ते नक्की सांगता येत नाही.

आज दवाखान्यातून परस्पर दुकानात गेले. पितळाजवळ वाकून पाहिलं. स्क्रूची भोकं दोन जोड्यांत आहेत, एक जुनी, मेणाने बुजवलेली, आणि तिला लागून दुसरी. बुजवायचं काम नेहमीप्रमाणे व्यवस्थित. मी दुकानदाराला सांगितलं, वायर बदला, तारा नव्या टाका, बाकी कशाला हात लावू नका. त्याने गिटार पुन्हा एकदा उलटीसुलटी केली. "मॅडम, गलत ही रखना है?" मी म्हटलं, हो, गलतच ठेवा. "फिर बिकेगी नहीं." मला माहीत आहे, म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची पेटी पुढे ओढली. शनिवारी मिळेल. मला वाजवता येणार नाही, शिकेन असंही वाटत नाही. आईने ती कुठे ठेवायची ते विचारलं, मी म्हटलं बघू. माळ्यावर नको, एवढंच ती म्हणाली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. दुकानदाराने तुमची चूक दाखवली त्या दिवशी मी स्कूटीवर घरी येईपर्यंत हसत होते. वेड्यासारखी, हेल्मेटच्या आत. बाबूजी चुकले! जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्या हाती सापडला होता, आणि तुम्ही गेल्यापासून इतके जवळ मला कधी वाटला नव्हतात. तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं, हे आईने मला इतक्या लवकर सांगायला नको होतं. अजून थोडे दिवस मला ते हसू हवं होतं.