ज्याच्यावर चिठ्ठी, त्यानेच वाचायची

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, फळ्या उचलून कंबर धरलीय). तुझे गुडघे कसे आहेत? शेजारणीशी भांडण मिटलं का? मिटलं असेल तर नवीन कशावरून सुरू झालं, ते सविस्तर कळव. मी बरा आहे. म्हणजे शनिवारपर्यंत होतो.

मी लागलोय त्या फर्निचरच्या कारखान्यात दाराशी एक लाकडी पेटी आहे. कोणाहीबद्दल मनात येईल ते लिहावं, वर त्याचं नाव घालावं, खाली आपलं घालायची सक्ती नाही. मला वाटलं, ही पेटी खास आपल्या घराण्यासाठीच बनवलीय! (बोला असं आपल्याला कधी कोणाला सांगावं लागलं नाही, पण बोलून वर नामानिराळं राहायची सोय मी पहिल्यांदाच बघत होतो.) मी आमच्या मोठ्या मिस्त्रींवर चिठ्ठी लिहिली. हे गृहस्थ टेप वापरत नाहीत, वितेने मोजतात, आणि मग दर चौथा ड्रॉवर अडकतो. एवढ्यावर थांबलो असतो तर मी तुझा भाचा कसला? मिस्त्री बोलताना अडखळतात. म्हणून पुढे लिहिलं, 'मिस्त्रींचं एक वाक्य पुरं होईपर्यंत ओलं लाकूड वाळून निघतं.' स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की दुपारी दोन डबे जेवलो (एक माझा नव्हता).

मला कोणी सांगितलं नव्हतं ते पुढचं. शनिवारी काम सुटायच्या आधी सगळे जमतात, मालकीणबाई पेटी उघडतात, आणि ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्यानेच उभं राहून ती मोठ्याने वाचायची, अशी इथली पद्धत आहे. मिस्त्री उठले. चष्मा पुसला. आणि आत्या, 'वाक्य' या शब्दापाशी ते कितीतरी वेळ अडकले. सोडा हो, पुढचं नका वाचू, असं मी मनात विनवत होतो. त्यांनी एक अक्षर गाळलं नाही. कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि विनोद तर माझाच होता.

वाचून झाल्यावर म्हणाले, "ड्रॉवरचं ख-खरं आहे. सोमवारपासून टेप लावतो. प-पण हे दुसरं... याचं मी काय करू, ते लि-लिहिणाऱ्याने लिहिलं नाही."

मालकीणबाई भडकल्या. लिहिणारा सापडला तर त्याला आजच्या आज काढते आणि पेटीही फोडून टाकते, म्हणाल्या. (मी तेव्हा छताचे वासे मोजत होतो. अकरा आहेत.) मिस्त्रींनी हात वर केला. "शोधू नका त्याला. पेटीपण राहू द्या. ती गेली तर ड्रॉवरचंही कोणी स-सांगणार नाही." आणि चिठ्ठीची नीट घडी करून खिशात ठेवली.

आजवर मी तुलाच जगातली सर्वांत धीट व्यक्ती समजत होतो. रागावू नकोस, पण आता तुझा नंबर दुसरा. एवढं मोठं मन एका माणसाच्या छातीत मावतं कसं, याचं मला अजून नवल वाटतंय. सोमवारी ते खरंच टेप घेऊन आले, आणि मलाच शेजारी उभं करून रंधा धरायला शिकवलं. 'मी लिहिलं' म्हणायला मी तोंड उघडलं, तर 'मी'च्या पुढे गाडी हलेना. ते हातातलं काम ठेवून शांतपणे थांबून राहिले. शेवटी 'मी पाणी आणतो' म्हणालो आणि सटकलो. माझी मलाच लाज वाटते.

तुझा आज्ञाधारक (आजपासून)
भाचा

ता. क. खरं काम असं, की येत्या शनिवारी पेटीत माझ्या नावाची चिठ्ठी पडायला हवी: मिस्त्रींवरची ती चिठ्ठी यानेच लिहिली, अशी. म्हणजे वाचावी मलाच लागेल, मिस्त्रींसमोर. मी चारदा लिहायला बसलो, पण दरवेळी मी फारच भला माणूस निघतो. तेव्हा तूच लिहून पाठव. या कामात तुझा हात कोणी धरणार नाही.

आणखी एक. भित्रेपणा, आगाऊपणा, सगळं लिही. फक्त माझ्या सुपाएवढ्या कानांवर काही लिहू नकोस. त्यांचं मी काय करू?