विसरणार नाही म्हणजे नाही

४ जून
आले एकदाची! नवं शहर, नवं घर, नवी प्रयोगशाळा. सामान लागायच्या आत चिंगीने रिकाम्या खोक्यात संसार थाटला. नवरा म्हणतो, सहा वर्षांच्या पोरीला टेकायचं कळतं, तुला कळत नाही. पण माझा पाय घरात ठरेल तर ना!

काम असं: उंदराला घंटी ऐकवायची आणि लगेच पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका झटका द्यायचा. पुढे नुसती घंटी वाजली तरी तो गोठतो, मिशीसुद्धा हलत नाही. मग आमचं औषध टोचायचं आणि भीती गेली का ते बघायचं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, भीती जाते, आठवण राहते.

११ जून
औषध झकास चालतं. घंटी वाजली तरी पठ्ठे खुशाल अंग चाटत बसतात. एकच खटकलं. पिल्लंवाल्या उंदरीला टोचलं, तर ती स्वतःच्या पिल्लांवर पाय देऊन दाणे खायला गेली. पिल्लं ओरडत होती, तिने वळूनही पाहिलं नाही. बाईंना म्हटलं, भीतीबरोबर आणखी काहीतरी जातंय. त्यांनी मला उडवून लावलं. मी कसली गप्प बसते! उद्या पुन्हा करून दाखवणार.

१२ जून
उंदरी उसळली आणि सुई माझ्याच अंगठ्यात घुसली. थेंबभर औषध गेलं असेल. सांगितलं तर बाई मला कामावरून दूर करतील, म्हणून तोंडाला कुलूप.

१५ जून
चिंगी जिन्याच्या कठड्यावर चढली. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि मी ढिम्म. एरवी अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती. मग ती उंदरी आठवली. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

१८ जून
शाळेच्या फाटकात उभी राहिले. एवढ्या पोरींत आपली कुठली, कळेना. तीच धावत आली, तेव्हा कळलं.

प्रयोगशाळेच्या बाईंना सगळं सांगितलं. उतारा नाही म्हणाल्या. घरी जा, आराम कर. आराम? माझी पोर डोक्यातून पुसली जातेय आणि मी लोळत पडू? उतारा नसेल तर मी शोधीन. तिला माझ्यापासून तोडायची त्या औषधाची काय बिशाद!

१९ जून
भीतीने आठवण पक्की होते, उंदरांनीच शिकवलंय. मग मीही शिकेन. चिंगीची ‘आई’ अशी हाक फोनवर भरून घेतली. प्रयोगशाळेत शिरून आतून कडी लावली. उंदरांच्या पेटीतल्या जाळीवर माझा हात. हाक, झटका. हाक, झटका. बाई दार बडवत होत्या. कडी काढली नाही.

२० जून
पुन्हा. झटका वाढवला. हात सुजलाय. पण तिचा चेहरा — पडका दात, हनुवटीवरचा तीळ — परत येतोय! नवरा म्हणाला, बस कर आता. नाही करणार.

२१ जून
घरीच. सगळं आठवतंय, औषधाच्या नाकावर टिच्चून!

ती शाळेतून आली. दारातूनच हाक मारली —

पाय उचलत नाहीत. मान वळत नाही —

पण ओळखलं मी तिला. ओळखलं! जिंकले. फक्त —

बोटंच तेवढी चालताहेत. ती रडवेली झालीय. हात पसरून जवळ येतेय. पळून जावंसं वाटतंय, माझ्याच पोरीपासून —

हाक मारू नकोस. बाळा, पाया पडते तुझ्या, पुन्हा म्हणू न