ब्रेकचे मूळचे पट्टे

धुळे, मंगळवार, १२ डिसेंबर १९३९

भाऊंच्या मोटारीचे मूळचे ब्रेकचे पट्टे अजून टिकून आहेत, माझ्या मोटारीचे वर्षात संपावेत? म्हणून आज जळगावच्या गॅरेजात, चारचौघांसमोर, मी ड्रायव्हर हमीदला म्हटलं, "मूळचे काढून विकलेस ना?" तो गोरामोरा झाला. एवढंच म्हणाला, "बाई, मी चोर नाही."

नवे पट्टे बसवून निघालो. रस्ताभर जिनिंगला चाललेल्या कापसाच्या बैलगाड्या. गाडी दिसली की मी मागून ओरडायचे, "ब्रेक! हमीद, ब्रेक!" तो मुकाट्याने दाबायचा.

शेजारी बसलेली अक्का हसायलाच लागली. "अगं, तो कशाला विकेल? वर्षभर तूच ओरडून झिजवलेस. भाऊ मोटारीत झोपतात, म्हणून त्यांचे टिकले."

शरमेनं मान वर होईना. पुराव्याशिवाय बोट दाखवू नये, हे कॉन्व्हेंटात शिकले, नोकरीभर मुलींना शिकवलं. आणि आज? माफी मागायला तोंड उघडलं, तर बैलगाडी आडवी आली आणि निघालं, "ब्रेक!"

मी चोर नाही, म्हणाला तो. सगळ्यांनी ऐकलं. घरात गुपचूप माफी मागून भागणार नाही. उद्या पुन्हा जळगाव, तेच गॅरेज, तेच लोक. जाताना मात्र तोंडाला पदर लावून बसेन.