पापलेटचा भाव

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

ताडपत्री काढली! पावसाळाभर होडी शाकारतात तशीच शाकारून ठेवली होती. वर ताडपत्री, त्यावर जुनं जाळं, चारी बाजूंनी दोर आवळून. पुसली तर चंदेरी अंग कसं लखलखलं! अख्ख्या नवापुरात अशी स्पोर्ट्स कार नाही. नवापूर सोडा, पालघर जिल्ह्यात दाखवा! दोनच सीटा, उघडं छप्पर, फायबरची बॉडी. कंपनी कधीच बंद झाली, म्हणजे नवी कुणाला मिळायची नाही.

झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. दीपिका दारातून, "झाली काय तुझ्या पापलेटची पूजा?" बायकोने ठेवलेलं नाव गावाने उचललंय. उचलू दे. आहेच पापलेट.

५ ऑक्टोबर

पुण्याच्या डॉक्टर इनामदारांचा फोन. अशा गाड्या जमवतात म्हणे. फोटो बघून बोलले — साडेसहा लाख! साडेसहा!!

केळव्याच्या बंगलेवाल्याकडून मी दीड लाखाला घेतली. नारळीखाली पडून होती, सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं. सगळे हसले. दीपिका सगळ्यात जास्त.

खर्च काय कमी झाला? क्लच प्लेटसाठी कुर्ल्याच्या भंगारात चकरा मारल्या. छप्पर तारापूरच्या ताडपत्रीवाल्याने शिवलं. पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत पुन्हा पासिंग, वर हरित कर. इन्शुरन्सवाला म्हणतो, "या गाडीची किंमत माझ्या कॉम्प्युटरातच नाय!" गाडीच्या किमतीएवढे तर वरच गेले. पण बॉडीला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. होड्यांना फायबर मारण्यात जन्म गेलाय माझा. आता बोला म्हणावं!

७ ऑक्टोबर

ठरलं. विकायची. त्या पैशांत दीपिकाला टेम्पो.

जीव तुटतोय, खोटं कशाला लिहू. पण ती रोज मासळीची टोपली घेऊन रिक्षा बदलत बोईसरच्या बाजारात जाते. हल्ली यायलाही उशीर होतो. आणि या गाडीत तर ती बसतच नाही. "एवढी खाली सीट, माझी कंबर धरते." पहिल्या दिवसापासून तेच.

सांगितलं तिला. वाटलं, उडीच मारेल. ती कोयता घासत राहिली. लाखांची गोष्ट ऐकून कोणी कोयता घासतं?

८ ऑक्टोबर

दिवसभर पॉलिश. खांदे गेले. पण काय दिसते!

१२ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू.

डॉक्टर आले. गाडीभोवती फिरले, बॉनेटवर हात फिरवला. "हितेशराव, फायबरचं काम अप्रतिम!" माझी छाती फुगली. शेजारीपाजारी कुंपणाला उभे. विसार द्यायला त्यांनी खिशात हात घातला, तोच दीपिका पुढे आली.

"डॉक्टरसाहेब, मासा घेताना कल्ला उघडून बघता ना? मग गाडी खालून बघा. अंगण झाडताना रोज गंज निघतो."

जॅक लावला. गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच चेसिसमध्ये घुसला. कच्च! गंजाचे पापुद्रे खाली पडले.

फायबर सडत नाही — खरं. पण खाली लोखंड आहे! होडीला चेसिस नसते, हे मी फायबरवाल्याने विसरावं? खारी हवा, ओली जमीन, वरून ताडपत्री गच्च. दर पावसाळ्यात मी स्वतःच्या हाताने तिला आतून कुजवली. काळजी म्हणून!

डॉक्टर चांगले. "चेसिसच गेली हो. पार्टसाठी घेतो, दीड लाख." मी नको म्हणून हात जोडले. लाज वाटली, फार लाज वाटली.

ते गेल्यावर ओरडलो, "घरचीच बाई गिऱ्हाईक मोडते!"

ती म्हणाली, "सडका मासा मी कधी विकला नाय. तूही विकायचा नाय."

बरोबर आहे. पण तिला जरा तरी वाईट वाटायला नको? संध्याकाळी कालवण करताना गुणगुणत होती!

१३ ऑक्टोबर

बोललो नाही तिच्याशी.

१५ ऑक्टोबर

दीपिकाने बोईसरहून फॅब्रिकेटर आणला. ट्रकच्या चेसिस जोडणारा माणूस. खाली झोपून ठोकून बघितलं — "बन जायेगा सेठ, नया लोहा डालना पडेगा." आकडा ऐकून मी "राहू दे" म्हणालो. पैसे तिने काढले, स्वतःच्या धंद्याचे!

"अगं, टेम्पोचं काय?"

"टेम्पो कोणी मागितला तुझ्याकडे?"

गाडी क्रेनवर चढवून नेली. अंगण कसं भकास दिसतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

आली! चेसिस नवी, खालून काळा रंग. ठोकून बघितलं — ठणठणीत. पुढच्या पावसाळ्यात ताडपत्री नाही, पत्र्याची शेड, चारी बाजू उघड्या. फॅब्रिकेटर म्हणाला, आता कोणी बघायला आला तर जादा मागा. मागतो ना! पण विकतोय कोण?

१० नोव्हेंबर

सकाळी इंजिनाचा आवाज. गाडी कोणी पळवली म्हणून टॉवेलवरच धावलो. स्टेअरिंगवर दीपिका! डोक्यात अबोलीची वेणी. बाजार आटपून बोईसरला मोटर ट्रेनिंगला जायची म्हणे, म्हणून उशीर.

"आणि तुझी कंबर?"

"बाजूला बसून धरते. इथे नाय. चल, बस."