आरतीची रांग

प्रिय आई,

सकाळपासून कशातच मन लागत नाहीये. दादाचा फोन आला होता. "यंदा तू तुझ्याकडे गणपती आण, मी माझ्याकडे. आई होती तोवर ठीक होतं." तुझं वर्षश्राद्ध आत्ता कुठे झालं, आणि लगेच दोन गणपती! म्हणून लिहितेय.

फोन ठेवते तोच इरा लॅपटॉप घेऊन आली. तिला कॉलेजसाठी प्रोग्राम लिहायचाय, एक झाड पातळीपातळीनं वाचायचा. झाड म्हणजे वंशावळच, मूळ वर. नावं हवीत म्हणून तिनं आपलीच घातली. वर तू. खाली दादा आणि मी. त्याखाली दादाचे सोहम-तन्वी, माझे इरा-ओम.

"एकाचं नाव छापलं, की त्याची मुलं रांगेच्या शेवटी उभी करायची," ती म्हणाली.

आई, हे तर तुझंच! आरती आधी तू घ्यायचीस, मग आम्ही दोघं. सोहम-तन्वी दादाला चिकटून पुढे घुसायचे. तू कान धरायचीस. "आत्या उभी आहे ना अजून? मागे व्हा!"

"आजी, टोकन दे ना," ओम म्हणायचा.

"तुझ्या आईनं घेतली की तू रांगेत. टोकन कशाला, मेल्या?"

मग इरानं झाडातून तुझं नाव काढून टाकलं. सहज, काय होतं ते बघायला. स्क्रीन कोरी. एकही नाव नाही.

"मूळच रिकामं असेल तर प्रोग्राम तिथूनच परत फिरतो."

मी गॅस बंद करायला उठले. गॅस बंदच होता.

का नाही सांगून गेलीस, तुझ्यानंतर आरतीच्या ताटापुढे पहिलं कोण? मोदकाची उकड शिकवलीस, समईची वात शिकवलीस. हे तेवढं राहिलं?

"सुरुवातीलाच दोघांना उभं करू ना," इरा मागून म्हणाली. "मामा आणि तू. पुढचं तसंच चालतं." तिनं चालवून दाखवलं. सगळे आले. तुझ्याच क्रमानं.

मी दादाला फोन लावला. तो काशीमीऱ्याजवळ हायवेवर होता.

"एकच गणपती. तुझ्याकडे."

"आणि आरती आधी कोण घेणार?"

"तू. मग मी. तुझी पोरं मध्ये घुसली तर कान ओढीन."

"घरी पोचलो की सांगतो," तो म्हणाला. मागून ट्रक ऐकू येत होते.

आई, तो हो म्हणो, नाही म्हणो, चतुर्थीला मी दोन्ही मुलांना घेऊन त्याच्या घरी जाईन. आरतीला त्याच्या मागे उभी राहीन. ती जागा सोडणार नाही.

तुझी,
सुमी